टोपली जाते का बघू

जबलपूरला माझ्या घरमालकांनी खोली दाखवायच्या आधी माझी उंची मोजली. अकोल्याहून आलेली मी दोन बॅगा घेऊन त्यांच्या दारात उभी होते, आणि या गृहस्थांनी शर्टाच्या खिशातून टेप काढून मला सांगितलं, "जरा भिंतीला टेकून उभी राय." मला वाटलं, भाडेकरूंसाठी इथल्या पोलिसांचा काहीतरी नवा नियम असेल. मी निमूट उभी राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर एक वही आडवी धरली, भिंतीवर खूण केली, आकडा दोनदा वाचला आणि आत तोंड करून ओरडले, "पास! चहा टाक."

वरच्या खोलीच्या जिन्यात एक तुळई फार खाली आली होती, म्हणून ही परीक्षा. माझ्याआधी दोघंजण उंच निघाले आणि नापास झाले. त्यांतला एक बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, मी वाकून जाईन म्हणून गयावया करत होता. काका त्याला म्हणाले, "माणसानं घरी वाकून येऊ नये," आणि दार लावून घेतलं. ती तुळई उचलून घ्यावी असं त्यांच्या मनात आलं नाही. तुळई होती तिथेच होती. माणसं आपली येत-जात राहायची.

मी त्यांना काका म्हणायचे, आमचा सारा गढा भाग त्यांना बाबूजी म्हणायचा. मूळचे वर्धेकडचे, पण वडील इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात लागले तेव्हापासून घराणं जबलपूरचंच. काकाही त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. हुद्दा एक्झामिनर. काम आयुष्यभर एकच: बनून आलेला पुर्जा गेजमध्ये घालून बघायचा. गेज म्हणजे लोखंडाचं पक्कं माप. त्याच्या एका टोकातून पुर्जा गेलाच पाहिजे आणि दुसऱ्या टोकातून जाताच कामा नये. बरोबर बसला तर पुढे, नाही तर त्यावर लाल खडूची फुली आणि रवानगी नापासांच्या पेटीत. तिथे वाद चालत नाही आणि वशिलाही चालत नाही.

"डोळ्याला दिसते ते मत राहते," काका म्हणायचे. "गेजमधून गेलं ते खरं."

निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण गेज काही सुटला नाही. लिंबं घ्यायला जाताना ते पत्र्याचा एक तुकडा नेत, त्याला मधोमध भोक. भोकातून पडलं ते लिंबू परत. पोळ्यांसाठी त्यांनी ॲल्युमिनियमची गोल कडी करून दिली होती. काकूंनी ती पहिल्याच दिवशी परसातल्या खुंटीला टांगली आणि तिच्यावर धुतलेली फडकी वाळत घालायला सुरुवात केली. घरात जिकडेतिकडे लाल फुल्या: डुगडुगणाऱ्या खुर्चीवर, कुकरच्या झाकणावर, चुकीची एकादशी छापलेल्या कॅलेंडरवर. साडूंच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरही एक होती, कारण पाकीट पत्रिकेपेक्षा लहान निघालं होतं. साडू प्रत्यक्ष निमंत्रणाला आले तेव्हा काकू त्या पत्रिकेवर तासभर बसून राहिल्या, पाणी द्यायलाही उठल्या नाहीत.

"लग्नाच्या वेळी यांच्याजवळ टेप नव्हती," त्या मला म्हणाल्या, "तेवढंच माझं नशीब."

काकांना नापास न करता येणारी वस्ती-मोहल्ल्यात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे सियाबाई. गढ्यातल्या तळ्यांतले शिंगाडे डोक्यावर घेऊन ती रोज सकाळी आमच्या गल्लीतून जायची. भली रुंद बांबूची टोपली, वर ओलं पोतं, आणि चालताना मागे गल्लीभर पाण्याची ओळ. बोहनी काकांच्या ओट्यावर. काका एकेक शिंगाडा पत्र्याच्या भोकाला लावून बघत आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राही.

"बाबूजी, सिंघाड़ा है," ती म्हणायची. "बंदूक की गोली नइं।"

तिथून तिला जायचं असे शहरातल्या जुन्या बाजारपेठेत, बडा फुहाऱ्याला. तिथल्या कापडबाजाराच्या कोपऱ्यावर, एका दुकानाच्या पायरीखाली, एक पोतं मावेल एवढी तिची जागा. तिच्या आधी तिथे तिची आई बसायची. गढा ते फुहारा हे अंतर गाडीवाल्याला काही नाही, पण ठिबकणारी टोपली ई-रिक्षात कोण घेणार? कोणी घेतलंच तर टोपली मांडीवर, ती काठावर आणि तिचा एक पाय बाहेर. पुष्कळदा ती अर्धी वाट चालतच जाई. तिची आई माहेरच्या गावाहून छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं भाजी आणायची, ते सियाबाई मोठ्या थाटात सांगे. डब्यात बायका टोपल्या घेऊन खालीच फतकल मारून बसत, टोपलीबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. ती छोटी लाइन आता बंद झाली.

आणि माझी नोकरी होती मेट्रोच्या सर्व्हेची.

एका सल्लागार कंपनीनं मला नेमलं होतं. जबलपुरात पुढेमागे मेट्रो आली तर ती कुठून जावी, कोण बसेल, कशासाठी बसेल, हे लोकांना विचारायचं आणि चौकटीत खुणा करायच्या. हे मी काकांना पहिल्याच आठवड्यात सांगून बसले, ती माझी चूक. काका आनंदानं त्या डुगडुगणाऱ्या खुर्चीवरून उठले.

"म्हणजे या गावात एक तरी गोष्ट रुळावर चालणार!" ते म्हणाले. "रुळावरचं यंत्र बदमाशी करत नाही पोरी. ऑटोवाल्याला कोणतं माप आहे? काहीच नाही."

माझ्या फॉर्ममध्ये प्रवासाचं साधन म्हणून स्कूटर होती, मोटार होती, बस, ऑटो, सायकल आणि पायी चालणं होतं. सियाबाईला ओट्यावर बसवून मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, आधी पायी, मग मिळाली तर रिक्षा, एक पाय आत. मी "इतर" या चौकटीवर खूण केली. मग घरून निघण्याचं कारण, त्यात नोकरी, शिक्षण, खरेदी. सियाबाई तर विकायला जात होती. पुन्हा "इतर". असं करता करता सियाबाई अख्खीच "इतर"मध्ये गेली. काका मागे उभे राहून वाचत होते. त्यांनी माझ्या हातातून फॉर्म घेतला आणि तिसऱ्या प्रश्नावर लाल फुली मारली. तो फॉर्म मला नव्यानं भरावा लागला.

शेवटी सियाबाईनंच टोपलीकडे बोट दाखवून विचारलं, "इसमें डलिया ले जान देंगे?"

मला माहीत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं. आमचे साहेब दिल्लीचे, वयानं तरुण, माणूस वाईट नव्हे, फक्त सगळं गाव त्यांनी पडद्यावर बघितलेलं. ते म्हणाले, सामानाचा नियम नंतर बघू. मग त्यांनी मला फुहाऱ्याच्या स्टेशनाचं कच्चं चित्र दाखवलं. स्टेशनात चढायचा जिना बरोबर कापडबाजाराच्या कोपऱ्यावर उतरत होता. सियाबाईच्या पोत्याच्या जागी चित्रात हिरवा रंग आणि एक झाड होतं.

हे मी घरी येऊन जेवताना सांगितलं, आणि सकाळी काकांनी सियाबाईला सांगितलं. तिनं टोपली ओट्यावर टेकवली. एवढ्या दिवसांत मी तिला टोपली टेकवताना फार क्वचित पाहिलं होतं.

"जगा भी जाएगी," ती म्हणाली, "और गाड़ी में डलिया भी नइं जाएगी? तो बाबूजी, हमाए लाने इसमें का है?"

खरं म्हणजे तिच्यासाठी यात काय, एवढाच प्रश्न होता. जागा जाणार असेल तर निदान गाडीनं तरी नेलं पाहिजे, म्हणजे दुसऱ्या कुठल्या स्टेशनाबाहेर जाऊन बसता येईल. गाडीनंही नेलं नाही तर तीन पोटांचं घर चालवणारी ही बाई गढ्यातच बसून कोणाला शिंगाडे विकणार? गढ्यात तळी आहेत, शिंगाडे फुकट मिळतात.

काका म्हणाले, "डलिया जाईल. मी पास करून दाखवतो."

आता मेट्रोत जायचं म्हणजे आधी त्या कार्ड दाखवून उघडणाऱ्या गेटातून जायचं. ते गेट सगळ्या शहरांत थोड्याफार फरकानं एकाच मापाचं असतं, आणि ते माप मीच त्यांना दिलं. इतक्यावर हे प्रकरण मिटेल असं मला वाटलं होतं. दोन दिवसांनी ऑफिसातून आले तर अंगणात गेट उभं. जुन्या पलंगाचं प्लायवुड कापून डोक्याच्या वर जाणाऱ्या दोन उंच बाजू केलेल्या, आणि मधे उघडझाप करायला देवघरातले दोन पाट बिजागरीनं लावलेले. पाटांना दोरी, दोरी काकांच्या हातात. कार्ड म्हणून आधार कार्ड चालत होतं. ते टेकवलं की काका तोंडानं "टूँ" असा आवाज काढत आणि दोरी ओढत.

"सत्यनारायणाला गुरुजी कशावर बसतील?" काकूंनी विचारलं.

"गुरुजी आधी गेटमधून जाऊन दाखवतील," काका म्हणाले.

आठवडाभर आमच्या अंगणात मोहल्ल्याची परीक्षा चालली. इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं घेऊन आला आणि गाठोडं आत, तो बाहेर राहिला. दोन्ही काखेत दोन मुलं घेतलेली एक बाई तिरकी होऊन गेली, पण दुसऱ्या मुलाचं डोकं पाटाला लागलं. हातानं चालवायच्या तीनचाकी गाडीवरून फिरणारे एक अपंग, म्हातारे मास्तर गेटापर्यंत आले, नुसतं बघितलं, "अच्छा" म्हणाले आणि मागे वळले. लॅपटॉपची बॅग लावून मी मात्र सरळ गेले. माझ्यावेळी काकांचा "टूँ" फारच खणखणीत होता.

मग सियाबाई. गल्लीतली सगळी माणसं जमली होती. ती टोपली डोक्यावर घेऊन ताठ चालत आली, आधार कार्ड टेकवलं, काका "टूँ" म्हणाले, पाट उघडले. सियाबाई पलीकडे गेली असती, पण टोपली दोन्ही बाजूंना अडली आणि काकांनी नियमाप्रमाणे दोरी सोडली. पाट तिच्या पोटावर बंद झाले. काकांनी तिला मागे घेतलं, खिशातून लाल खडू काढला आणि आयुष्यभराच्या सवयीनं टोपलीवर फुली मारली.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

गल्ली हसली. सियाबाई हसली नाही. तिनं फुलीकडे बघितलं, टोपली उचलली आणि निघून गेली. मला काकांचा राग आला. मी तसं त्यांना म्हटलंही. तर ते मला समजावायला लागले, की कारखान्यात रिजेक्ट झालेला माल लगेच फेकत नाहीत, आधी त्याला रीवर्कला पाठवतात. घासतात, ठोकतात, मापात आणतात. सियाबाईला ते रीवर्क करणार होते.

ते आठ दिवस मला आठवले की अजून हसू येतं आणि हसल्याबद्दल वाईटही वाटतं. पहिल्या दिवशी टोपली कमरेवर. दुसऱ्या दिवशी टोपली पोटाशी, पायाखालचं काही दिसेना, ती काकूंच्या तुळशीला धडकली. तिसऱ्या दिवशी एकाऐवजी दोन लहान टोपल्या. एक आत गेली, पाट बंद झाले, दुसरी बाहेर राहिली, आणि सियाबाई मधे उभी राहून आळीपाळीनं दोघींकडे बघत राहिली. मग काका गोहलपूरला गेले आणि एका बुरुडाकडून उंच, अरुंद टोपली विणून घेऊन आले. ही गेटमधून सुळकन जात होती. काकांनी टाळ्या वाजवल्या. एका सकाळी सियाबाई ती खरोखर भरून फुहाऱ्याला घेऊन गेली.

दुपारी परत आली ती सरळ अंगणात. अरुंद टोपलीला डोक्यावर तोल नव्हता. वाटेत ती कलंडली आणि वरचे शिंगाडे नाल्यात गेले. उरलेल्यांतले तळचे सगळे ओझ्यानं दबून फुटले होते, ते गिऱ्हाइकानं घेतले नाहीत. तिनं रिकामी टोपली गेटासमोर ठेवली.

"बाबूजी, एक बात बताओ," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमाई फैक्टरी में कभी गेज भी खराब निकरो?"

"गेज खराब नसते," काका म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, "गेज कैसे खराब होगा? गेज से तो नापते हैं।"

"तो जे दरवज्जा कौन को नाप के बनाओ है? हमें तो कोई नापने आओ नइं।"

काकांनी गेटाच्या पाटावर एकदा हात फिरवला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी तेवढ्यात आपलं सांगून घेतलं. "बँकवाल्याला तर म्हणून राहिले होते, माणसानं वाकून येऊ नये. मग या बाईनं काहून वाकायचं? तिचा का पगार कमी आहे म्हणून?"

त्या रात्री जेवणात काकांनी पोळी मोजली नाही, आमटीत मीठ कमी होतं तेही बोलले नाहीत. हात धुवून आल्यावर माझ्यासमोर बसले.

"गेज पण झिजते," ते म्हणाले. "मी तिला खोटं सांगितलं. दर काही महिन्यांनी आम्ही सगळे गेज वरच्या खोलीत पाठवत होतो. तिथं एक मास्टर गेज राहते, सगळ्यांत अचूक. मास्टरला गेज लावून बघतात. मास्टरशी जमलं नाही, तर गेज रिजेक्ट. मी स्वतः नेऊन देत होतो." मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या गेटचा मास्टर कोण आहे?"

मी वरून माझी फाइल आणली. आम्ही दोघांनी मिळून शोधलं. एका पानावर प्रवाशाचं चित्र होतं, माणसाच्या बाह्यरेषेचं. उभा, सडपातळ, हातात एक छोटी बॅग. खाली लिहिलं होतं, सर्वसाधारण प्रवासी. काकांनी चष्मा पुसून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"हा कोण आहे?" ते म्हणाले. "मी तर याला गढ्यात कधी पाहिलं नाही."

पुढच्या आठवड्यात जनसुनवाई होती. एका सभागृहात साहेब मेट्रोचं थर्माकोलचं मॉडेल मांडून नागरिकांच्या सूचना ऐकणार होते. मी काकांना हात जोडले. माझी नोकरी कच्ची होती, त्यांनी येऊ नये. काका म्हणाले, "नागरिकांना बोलावलं आहे ना? मी नागरिक आहे. तू मला ओळखू नको, बस."

ते आले. एका ई-रिक्षात सुटं केलेलं गेट, पाटांसकट, आणि दुसरीत काकू. सियाबाई आणि फुहाऱ्याच्या पाच-सहा जणी टोपल्या घेऊन पायीच आल्या होत्या. दारात सुरक्षेची चौकट होती, धातू ओळखणारी. त्यात पहिलीच टोपली अडली. शिपाई म्हणाला, सामान बाहेर ठेवा. काका म्हणाले, "भैया, सामान नहीं है, सूचना है।" शेवटी बाजूचं मोठं दार उघडावं लागलं. मी खुर्चीत जितकं खाली घसरता येईल तितकी घसरले.

सूचनांची वेळ आली तेव्हा काका गेट जोडून तयार होते. फॅक्टरीतल्या वरिष्ठांशी बोलायची त्यांची एक खास हिंदी होती, तिच्यात ते उठले.

"महोदय, निवेदन है कि आप यह डलिया सिर पर लेकर इस द्वार से निकल कर दिखाने का कष्ट करें।"

साहेब खेळकर होते. समोर दोन-तीन कॅमेरे होते, तेही एक कारण. ते हसत उठले. सियाबाईनं त्यांच्या डोक्यावर भरलेली टोपली ठेवली आणि मान कशी धरायची ते सांगितलं. पहिल्या पावलाला पाण्याची एक ओळ त्यांच्या कानामागून कॉलरमध्ये गेली. दुसऱ्या पावलाला गुडघे हलले. टोपली दिसते त्याच्या कितीतरी पट जड असते, हे मलाही तेव्हाच कळलं. त्यांनी हात वर केले तर कार्ड टेकवता येईना. कार्ड काकूंनी टेकवलं. काका "टूँ" म्हणाले. साहेब आत शिरले, टोपली अडली, पाट बंद झाले, आणि साहेब मधल्या मधे, हात वर, पाणी गळतंय, पुढे नाही मागे नाही, असे उभे राहिले. सगळं सभागृह खुर्च्यांवर उभं राहून बघत होतं.

काकांनी लाल खडू काढला. साहेबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेली माझी नोकरी, आता हे त्यांच्या शर्टावर फुली मारणार.

काकांनी फुली गेटावर मारली. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, दोन्ही मोठ्या आणि सावकाश.

"रिजेक्ट," ते म्हणाले. आणि सियाबाईकडे वळून, सगळ्यांसमोर, "बाई, उस दिन मैंने गलत जगह निशान लगाया था।"

सियाबाईनं साहेबांच्या डोक्यावरून टोपली एका हातानं उतरवून घेतली. "हओ," ती म्हणाली. बस एवढंच. पण ती हसत होती.

माझी नोकरी गेली नाही. साहेब दोन दिवस मान चोळत होते आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून अहवालात वाक्य घालायला सांगितलं: प्रत्येक स्टेशनात एक रुंद गेट असावं, चाकांच्या खुर्चीसाठी आणि डोक्यावर किंवा हातात ओझं असलेल्यांसाठी, आणि विक्रेत्यांच्या टोपल्यांना डब्यात मुभा असावी. ते वाक्य मी स्वतः टाइप केलं. फुहाऱ्याच्या कोपऱ्याबद्दल मात्र काही बदललं नाही. तिथे लिहिलेलं होतं, पदपथावरील विक्रेत्यांना अन्यत्र हलवावे. अन्यत्र म्हणजे कुठे, ते साहेबांना माहीत नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. अहवाल गेला. सर्व्हे संपला आणि माझी दुसऱ्या शहरात बदली झाली.

निघायच्या दिवशी काका घरी नव्हते. काकू म्हणाल्या, फुहाऱ्याला आहेत, सकाळपासून. मी तिथे गेले. सियाबाईच्या पोत्याशेजारी दुसरं एक पोतं अंथरून काका मांडी घालून बसले होते. त्यांच्या वयाला खाली बसायची सवय नव्हती, दर पाच मिनिटांनी पाय बदलत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"टोपलीचं झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. लिहून दिलं."

"आणि जागेचं?"

मी खोटं बोलू शकले असते. मी म्हटलं, "नाही झालं काका. आता माझ्या हातात काही नाही."

सियाबाईला मराठी येत नव्हती, पण तिला कळलं. ती गिऱ्हाइकाला शिंगाडे मोजून देत राहिली. काकांनी मान हलवली. ते रागावतील, मला नापास करतील असं वाटलं होतं, आणि तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "जाऊ दे. तू तुझी गाडी पकड, उशीर होऊन राहिला."

याला आता काही महिने झाले. काकूंचा परवा फोन आला होता. काका रोज जातात म्हणे. सकाळी सियाबाईबरोबर निघतात आणि दुपारपर्यंत फुहाऱ्यावर बसतात. शिंगाडे विकायला मदत करतात, पण लहान शिंगाडा गिऱ्हाइकाला देतच नाहीत, म्हणून सियाबाई वैतागली आहे. कोणी टेप घेऊन, कागद घेऊन त्या कोपऱ्याशी आलं, की काका बसल्या बसल्या हात वर करतात आणि म्हणतात, पहिलं मला मापा, मग या बायकांना मापा, आम्ही सगळे इथं बसतो असं लिहा, मगच चित्रात ते झाड काढा.

"मी विचारलं, कधीपर्यंत बसून राहाल?" काकू सांगत होत्या. "तर म्हणते, मेट्रो येईपर्यंत. ती आली, की तिच्यात सियाबाईला टोपलीसकट बसवून मग घरी येतो म्हणते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तू तर त्याच ऑफिसात होतीस बाई. खरं सांग, केव्हा येऊन राहिली ती मेट्रो?"

त्या अहवालात तारखेचा एक रकाना आहे. तो मीच आखला होता, आणि तो रिकामा आहे, हे मला माहीत आहे.

मी म्हटलं, "काकू, त्यांच्याबरोबर एक जाड उशी देत जा. दगड फार गार असतो."

"दिली ना," काकू म्हणाल्या. "दोन दिल्या."